फाळक्यापर्यंतचा चढ : पिकअपमध्ये एटीव्ही चढवण्याच्या रॅम्पांचा आढावा

अमेरिका आणि कॅनडाच्या ग्रामीण भागात, शेतांवर आणि शिकारीच्या हंगामात जंगलालगतच्या वाहनतळांवर एक काम रोज होत असते. कच्च्या वाटांवर चालणारी चारचाकी एटीव्ही पिकअप ट्रकच्या हौद्यात चढवायची आणि संध्याकाळी उतरवायची. काम दोन-चार मिनिटांचे. त्यासाठी लागणारा रॅम्प कसा असावा यावर मात्र शेतकरी, शिकारी, दुकानदार आणि सुरक्षेचे प्रशिक्षण देणारे यांच्यात बरीच वर्षे मतभेद आहेत. लाकडी फळ्या घ्याव्यात की अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प, सरळ की कमानदार, दोन सुट्या पट्ट्या की सलग रुंद रॅम्प, आणि चढताना गाडीवर बसायचे की ती विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढायची, असे हे प्रश्न आहेत.

दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न वजनाचा विचारते : किती भार पेलेल? मला तो क्रमाने तिसरा प्रश्न वाटतो. पहिला लांबीचा, दुसरा रॅम्प ट्रकला बांधण्याचा. हा क्रम का, ते पुढे येईलच. पण ज्यांना तो पटत नाही त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे आणि तेही इथे मांडायचे आहे.

हा प्रश्न आला कुठून

होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची, फुगीर टायरांची छोटी गाडी आणली. ती इतकी हलकी होती की दोघांनी धरून ट्रकमध्ये ठेवता येई. रॅम्पची फारशी गरजच नव्हती. १९८२ मध्ये सुझुकीने चारचाकी ‘क्वाडरनर’ बाजारात आणली. तीनचाकी गाड्या उलटण्याचे प्रमाण इतके चिंताजनक झाले की १९८८ मध्ये उत्पादकांनी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी न्यायालयीन समझोता केला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. पुढे २००८ च्या कायद्याने एटीव्हीचे स्वेच्छेचे मानक बंधनकारक झाले. त्या मानकाच्या कक्षेत वाहन येते. ते ज्यावरून ट्रकमध्ये चढते तो रॅम्प येत नाही. पुढचे बरेच गोंधळ इथूनच सुरू होतात.

दरम्यान दोन गोष्टी एकाच वेळी वाढत गेल्या. शेतीकामाची आजची एटीव्ही साधारण २७० ते ३८५ किलोची असते. आणि पिकअप उंच झाले. चारही चाकांना जोर असलेल्या पूर्ण आकाराच्या ट्रकचा उघडलेला फाळका आज जमिनीपासून ३४ ते ३७ इंचांवर असतो. मालकाने हौसेने सस्पेन्शन उचलून घेतले असेल तर त्याहून वर. म्हणजे चढवायची वस्तू जड झाली आणि चढही वाढला. रॅम्प मात्र बहुतेकांकडे त्याच जुन्या लांबीचे राहिले.

लांबी आणि कोन

फाळका ३६ इंचांवर आहे असे धरू. रॅम्प ६ फुटी असेल तर चढाचा कोन ३० अंश. ७ फुटी घेतला तर साधारण २५, ८ फुटी घेतला तर २२, आणि १० फुटी घेतला तर साडेसतरा अंश. एटीव्हीच्या मालक-पुस्तिकांत टेकडी चढण्याची कमाल मर्यादा छापलेली असते. काही कंपन्या २५ अंश सांगतात, काही १५ वरच थांबतात. या मर्यादा मोकळ्या जमिनीसाठी आहेत, रॅम्पसाठी वेगळा आकडा सहसा दिलेला नसतो. पण टेकडीवर ज्याची भीती बाळगायची, ते फूटभर रुंदीच्या पट्टीवर निर्धास्तपणे करावे असे म्हणायला काही आधार नाही. सर्वाधिक खपणारे ७ ते ८ फुटी रॅम्प आजच्या उंच ट्रकला लावले तर कोन २५ अंशांच्या मर्यादेला टेकतो किंवा जेमतेम आत राहतो, आणि १५ ची मर्यादा तर सरळ ओलांडतो.

कोन वाढला की नेमके काय बिघडते? ३२० किलोच्या गाडीला २२ अंशांच्या चढावर मागे खेचणारे बल साधारण १२० किलोचे असते. ३० अंशांवर ते १६० होते. शिवाय भार मागच्या चाकांवर सरकतो. सपाटीवर पुढे-मागे निम्मे निम्मे वजन असलेल्या आणि गुरुत्वमध्य चाकांमधल्या अंतराच्या निम्म्या उंचीवर असलेल्या गाडीचा २२ अंशांवर जवळजवळ ७० टक्के भार मागच्या चाकांवर येतो. पुढची चाके हलकी होतात. अशा वेळी अंगठ्याने थ्रॉटल जरा जोरात दाबला गेला, तर पुढचा भाग उचलला जातो.

आखूड रॅम्पच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे व्यवहाराचे आहे. ट्रकच्या हौद्याची लांबी हल्ली बहुधा साडेपाच ते साडेसहा फूट. एटीव्ही आत गेल्यावर १० फुटी रॅम्प ठेवायचा कुठे? लांब रॅम्प जड असतो आणि मधोमध लवतोही. घडीचा घेतला तर बिजागऱ्या आल्या, आणि प्रत्येक बिजागरी म्हणजे झिजणारा एक सांधा. या आक्षेपांना उत्तर आहे, पण ते रॅम्पमध्ये नाही, जमिनीत आहे. ट्रकची मागची चाके उथळ खळग्यात घेतली किंवा ट्रक छोट्या उंचवट्याला पाठ करून लावला आणि त्यामुळे चढ ८ इंचांनी कमी झाला, तर ७ फुटी रॅम्पचा कोन २५ वरून साडेएकोणीस अंशांवर येतो. जुने शेतकरी हे न मोजता करतात. शहराबाहेरच्या डांबरी वाहनतळावर मात्र खळगा मिळत नाही, आणि हौशी वापरणाऱ्यांना गाडी बहुधा तिथेच चढवायची असते. म्हणून रॅम्प घेताना आपल्या ट्रकचा फाळका उघडून टेपने उंची मोजणे, आणि तीही सपाट डांबरावर, हे मला सगळ्यात आधीचे काम वाटते.

फळी की धातू

लाकडी फळीचा पक्ष सर्वांत जुना आहे आणि अजून मोठा आहे. नावाने २ इंच जाड आणि १२ इंच रुंद अशा दोन फळ्या आणायच्या, टोकाला फाळक्यावर टेकणारी धातूची जिभळी बोल्टने बसवायची, की झाला रॅम्प. आपल्याकडे टेम्पोत मोटारसायकल चढवताना लावतात तीच युक्ती, फक्त भार तिप्पट. फळी स्वस्त असते, कोणत्याही गावात मिळते, कापून हव्या त्या लांबीची करता येते आणि घरच्या इतर कामालाही येते. तिचे समर्थक सांगतात की वडिलांनी वीस वर्षे याच फळ्यांवरून गाडी चढवली आणि काही झाले नाही.

हे खरे का ठरते आणि कुठे फसते, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ‘दोन बाय बारा’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद असते. ताकद जाडीच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे हा अर्धा इंच महाग पडतो. गाडी ३२० किलोची, स्वार ८५ किलोचा आणि चढ २२ अंशांचा धरला, तर मागचे एक चाक ८ फुटी फळीच्या मधोमध आले की त्या फळीवर साधारण १३० किलोचा भार येतो. फळी इंचभराहून अधिक लवते आणि तिच्या तंतूंवर दर चौरस इंचाला सुमारे १,६०० पौंड ताण पडतो. बांधकामासाठी दुय्यम प्रतीच्या सदर्न पाइनच्या या आकाराच्या फळीला गृहीत धरतात तो मूळ आकडा ७५० च्या आसपास आहे. आडव्या फळीची आणि थोड्या वेळापुरत्या भाराची सवलत जोडली, तरी तो १,५०० च्या आसपास थांबतो. म्हणजे हिशोबाने फळी मर्यादेच्या किंचित बाहेर आहे. ती मोडत नाही, कारण ही मर्यादा मुद्दाम सावध ठेवलेली असते आणि निर्दोष लाकूड तिच्या कितीतरी पट ताण सोसते. पण नेमकी मध्यावर गाठ असेल, फळी पावसात भिजलेली असेल किंवा गाडी धक्का खाऊन वर बसली असेल, तर हातात उरलेली ही शिल्लक झपाट्याने संपते.

वडिलांच्या फळीबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. लागवडीच्या जंगलांतली झाडे झपाट्याने वाढवून लवकर तोडली जातात. अशा लाकडाच्या चाचण्यांनंतर अमेरिकेत सदर्न पाइनचे गृहीत ताकदीचे आकडे १ जून २०१३ पासून खाली आणले गेले. दुकानात आज मिळणारी फळी आणि पन्नास वर्षांपूर्वीची फळी यांचे नाव एक असले, तरी त्यांना एकच मानू नये.

धातूच्या बाजूला लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोन पर्याय. लोखंडी जाळीचा रॅम्प स्वस्त आणि कणखर असतो. पण एकट्या माणसाने तो उचलून फाळक्यावर लावायचा म्हणजे पाठीची परीक्षा, आणि रंग उडाला की गंज. अ‍ॅल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. त्याचा ताठपणाही तेवढाच, म्हणून आडव्या पट्ट्या आणि कडा जाड किंवा पोकळ नळीच्या घ्याव्या लागतात. उष्णतेने ताकद वाढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंग केले की सांध्याभोवतीचा भाग पुन्हा कमजोर होतो. म्हणून या रॅम्पला तडा जातो तो सहसा पट्टीच्या मधोमध नाही, वेल्डच्या कडेला जातो. विकत घेताना आणि नंतर दर हंगामात पाहायची जागा तीच. एवढे सांभाळले तर आजच्या घडीला अ‍ॅल्युमिनियमकडे पारडे झुकते, असे मला वाटते. त्याचे मुख्य कारण ताकद नसून हलकेपणा आहे. जो रॅम्प उचलायला सोपा असतो तो नीट, सरळ आणि पूर्ण टेकवून लावला जातो.

सरळ, कमानदार, घडीचा

कमानदार रॅम्प अधिक महाग असतो आणि अनेकदा ‘पोट घासणार नाही’ या आश्वासनावर विकला जातो. चाकांमधले अंतर ५० इंच असलेली एटीव्ही २२ अंशांच्या सरळ रॅम्पवरून सपाट फाळक्यावर येते, तेव्हा कडेचा उंचवटा तिच्या पोटाकडे जास्तीत जास्त ५ इंच येतो. बहुतेक एटीव्हींचे पोट जमिनीपासून १० ते १२ इंचांवर असते. म्हणजे साध्या एटीव्हीला कमानीची गरज नाही. उलट कमानीत वरचा भाग सौम्य करण्यासाठी खालचा भाग अधिक उभा करावा लागतो आणि सुरुवातीचा चढ कठीण होतो. ज्याला त्याच रॅम्पवरून गवत कापायचे यंत्र चढवायचे आहे, किंवा ज्याची गाडी दोन जणांसाठी लांबवलेली आहे, त्याच्यासाठी कमान खरोखर उपयोगाची आहे.

दोन सुट्या पट्ट्या की तीन घड्यांचा सलग रॅम्प, हा वाद अधिक बरोबरीचा आहे. सुट्या पट्ट्या वेगवेगळ्या रुंदीच्या गाड्यांना चालतात आणि हौद्यात एटीव्हीच्या चाकांशेजारी सरकवून ठेवता येतात. पण त्यांच्यातले अंतर प्रत्येक वेळी डोळ्याने जुळवावे लागते आणि एखादे चाक पट्टीवरून घसरले तर खाली आधार नसतो. सलग रॅम्पवर ही चूक होत नाही, शिवाय ढकलण्यासाठी किंवा विंचच्या वेळी हात देण्यासाठी माणसाला त्यावरून चालता येते. पण त्याच्या घड्या उघडायला-मिटायला जागा लागते आणि दोन्ही टोके सर्वत्र टेकण्यासाठी जमीन बऱ्यापैकी सपाट हवी. नवशिक्याने सलग रॅम्प घ्यावा, एवढेच मी म्हणेन.

रॅम्प निसटतो कसा

वजनाचा प्रश्न मी मागे ठेवतो त्याचे कारण इथे आहे. वर धरलेल्या गाडी-स्वाराचे मिळून वजन साधारण ४०५ किलो. बाजारात जोडीला ६८० किलो पेलणारे रॅम्प सर्रास मिळतात. त्या आकड्यात गाडी बसते. रॅम्प वाकून मोडल्यामुळे गाडी पडण्यापेक्षा तो जागचा सरकल्यामुळे पडण्याची वाट अधिक सोपी आहे, आणि ती वाट पेलण्याच्या आकड्यात दिसत नाही.

मागची चाके गाडीला वर ढकलतात म्हणजेच तेवढ्याच जोराने रॅम्पला खाली आणि ट्रकपासून दूर ढकलतात. रॅम्पची जिभळी फाळक्याच्या ज्या कडेवर टेकलेली असते तिथे बऱ्याच ट्रकना गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी असते. पुढची चाके या कडेला भिडून क्षणभर अडखळतात, स्वार थ्रॉटल वाढवतो, मागची चाके जोर लावतात आणि रॅम्प पायाखालून निघून जातो. गाडी अर्धी हौद्यात, अर्धी हवेत, आणि स्वार तिच्याखाली जाण्याच्या जागी. फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत हा धोका अधिक. चारही चाकांना जोर दिला तर कडेवर पोहोचलेली पुढची चाके ओढण्याचे थोडे काम करतात आणि रॅम्पवरचा मागचा रेटा कमी होतो.

उपाय साधा आहे : रॅम्पला दिलेल्या छिद्रातून साखळी किंवा पट्टा घालून तो ट्रकच्या चासीला अथवा मागच्या ओढ-दांड्याला ताणून बांधायचा. याला कोणाचाही तात्त्विक विरोध नाही; पण घाईत हेच टाळले जाते. रबरी तळाच्या रॅम्पवर विसंबणारे म्हणतात की कोरड्या डांबरावर तो हलत नाही. कोरड्या डांबरावर ते बरेचसे खरे आहे. चिखल, बर्फ आणि ओले गवत यांवर नाही, आणि एटीव्ही नेतात ती नेमकी त्याच ठिकाणी.

बसून चढवायचे की ओढायचे

या प्रश्नावर मतभेद सर्वांत तीव्र आहेत. बसून चढवणाऱ्यांचे म्हणणे असे : खालचा गियर, चारही चाकांना जोर, डोक्यावर हेल्मेट, शरीर पुढे झुकलेले आणि मध्येच न थांबता सावकाश चढ. एकट्या माणसाला हे लवकर आणि बिनखर्चात जमते. गाडीवर बसलेल्याच्या हातात ब्रेक आणि सुकाणू दोन्ही असतात, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. ओढणाऱ्यांचे म्हणणे असे की माणूस रॅम्पवर नसेल तर गाडी पडली तरी फक्त गाडीच पडते. विंच हौद्याच्या पुढच्या भागात बसवता येते, किंवा एटीव्हीचीच पुढची विंच वापरून तिचा दोर हौद्यातल्या कड्याला लावता येतो. शिवाय विंचने ओढताना चाके जोर लावत नाहीत, त्यामुळे रॅम्पला मागे रेटणारे बलही बरेच कमी होते. हा यांत्रिक फायदा फारसा बोलला जात नाही. माझ्या मते तोच विंचच्या बाजूचा सर्वांत पक्का युक्तिवाद आहे. उणेपण असे की हौद्यातली सगळी कडी या कामासाठी बनवलेली नसतात, आणि ताणलेला दोर तुटला तर तो स्वतःच धोका ठरतो.

शेजारी चालत, हाताने थ्रॉटल देत गाडी चढवण्याची तिसरी पद्धतही दिसते. तिच्या बाजूने मला फारसे काही सापडत नाही. थ्रॉटल उजव्या हँडलवर असतो, पाय मागच्या चाकाच्या वाटेत येतो, आणि ब्रेकवर पूर्ण ताबा राहत नाही.

ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये आणलेल्या क्वाड बाइकच्या (म्हणजे चारचाकी एटीव्हीच्या) मानकाने या चर्चेत उपयोगी आकडे आणले. शेतीच्या गाडीने मागच्या बाजूला ३८.६५ अंशांपर्यंत स्थिर राहिले पाहिजे आणि आडव्या बाजूला २८.८१ अंशांपर्यंत, अशी त्यात अट आहे. ऑक्टोबर २०२१ पासून चालकाला संरक्षण देणारी चौकटही बंधनकारक झाली. स्थिरतेची ही अट पाळणारी गाडी २२ ते २५ अंशांच्या रॅम्पवर नुसती उभी असेल तर मागे उलटायला नको. जे घडते ते हालचालीत घडते : झटक्याने दिलेला थ्रॉटल, कडेवरचा अडथळा, निसटलेली पट्टी. बसून चढवणारे आणि ओढणारे, दोन्ही बाजू हा आकडा आपल्या सोयीने वापरू शकतात आणि वापरतात.

हौदा आणि ट्रेलर

रॅम्पइतकेच ट्रकचे मापही ठरवावे लागते, पण ते लवकर सांगता येते. पूर्ण आकाराच्या पिकअपच्या हौद्यात चाकांवरच्या फुगवट्यांमध्ये साधारण ५० इंच मोकळे असतात, आणि एटीव्हीची रुंदी बहुधा ४४ ते ५० इंच. टोयोटा टकोमासारख्या मध्यम ट्रकमध्ये हे अंतर बरेच कमी. तिथे बरीचशी मोठी एटीव्ही बसतच नाही. पूर्ण आकाराच्या ट्रकच्या साडेपाच फुटी हौद्यात ती बसते, पण मागची चाके जवळजवळ फाळक्याच्या बिजागरीवर येतात आणि फाळका उघडा ठेवूनच जावे लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत एकूण वाहायची क्षमता लिहिलेली असते. त्यात गाडीबरोबर माणसे आणि सामानही मोजायचे.

ज्यांच्याकडे जागा आहे ते हळूहळू ट्रेलरकडे वळतात. त्याचा तळ दीड फुटाच्या आसपास असतो आणि मागचे दारच रॅम्प होते. गंमत अशी की चार फुटी दार लावले तर कोन पुन्हा २२ अंशच येतो. पण पडण्याची उंची निम्मी. ट्रेलरची नोंदणी, टायर, दिवे आणि ठेवायची जागा हा खर्च वेगळा.

जे अजून ठरलेले नाही

रॅम्पवर छापलेला पेलण्याचा आकडा म्हणजे काय, हे सर्वत्र एकसारखे नाही. तो एका पट्टीचा की जोडीचा, संपूर्ण लांबीवर पसरलेल्या भाराचा की एका आसाच्या भाराचा, हे काही उत्पादक स्पष्ट लिहितात, काही लिहीत नाहीत. मागच्या आसावर ७० टक्के भार येणाऱ्या गाडीसाठी हा फरक किरकोळ नाही.

फाळक्याचाही प्रश्न उघडाच आहे. चाके कडेवर येतात तेव्हा पुढच्या आसाचा भार दोन केबलींवर लटकलेल्या फाळक्याच्या अगदी टोकावर पडतो. पूर्वी फाळका काढून रॅम्प थेट हौद्याच्या तळावर टेकवता येई. आता कॅमेरा आणि विजेच्या कुलपाच्या तारांमुळे तो काढणे त्रासाचे झाले आहे. २०१९ च्या जीएमसी सिएरापासून तर फाळक्यातच घडीचे भाग आणि पायरी येऊ लागली. अशा फाळक्याच्या कोणत्या भागावर रॅम्पची जिभळी टेकवावी, याचा निर्णय आज ट्रकची पुस्तिका आणि रॅम्पची पुस्तिका दोन्ही शेजारी ठेवून मालकालाच करावा लागतो.

आणि मुळातला प्रश्न अपघातांच्या मोजणीचा. अमेरिकेत ग्राहक आयोग सुमारे १०० रुग्णालयांच्या आकस्मिक विभागांतून दुखापतींची नोंद घेतो. त्यात एटीव्ही वेगळी ओळखता येते; पण दुखापत गाडी चालवताना झाली की ट्रकमध्ये चढवताना, हे कळायला नोंदीतल्या दोन-तीन ओळींचे वर्णन वाचावे लागते, आणि रॅम्प किती लांबीचा होता, बांधला होता का, स्वार वर बसला होता का, हे त्या ओळींत क्वचितच येते. विंच विरुद्ध स्वार, फळी विरुद्ध धातू, सरळ विरुद्ध कमान, या सगळ्या वादांत दोन्ही बाजू आज यंत्रशास्त्रावर आणि स्वतःच्या अनुभवावर बोलतात. रुग्णालयात नोंद घेणाऱ्याने हे तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर काही वर्षांत त्यातले निदान एक-दोन वाद मिटू शकतील.